एक लादी पोकळ

दिनांक १९ एप्रिल १९९२, रविवार. आगाऊ रक्कम रुपये पाचशे. देणारे श्री. मनोहर सबनीस, घेणारा मी. समक्ष हजर: सबनीसांच्या पत्नी सुनीतावहिनी आणि माझा गवंडी बाळाराम. काम: हॉलमधल्या एकशे ऐंशी लाद्या उखडणे, खालची जमीन दाबणे आणि त्याच लाद्या पुन्हा बसवणे. दर लादीमागे साडेसहा रुपये. सिमेंट आणि वाळू घरमालकाची.

या कामात एक लादी मी मुद्दाम पोकळ बसवली. माझ्या सगळ्या धंद्यात अशी लादी ही एकच. ती का बसवली हे सांगायचं तर आधी धंदा सांगायला हवा.

मी मुळात हिशेबनीस. तळोजाला लाद्यांच्या एका लहानशा कारखान्यात जमाखर्च लिहीत असे. गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायच्या, लादी वाजते, लादी हलते, लादी वर आली. मालक मला पाहणीला पाठवायचे, कारण मला आवाज न चढवता ‘नाही’ म्हणता येतं. पाहणीत बहुतेक वेळा एकच गोष्ट निघायची. दोष लादीत नसायचा, बसवण्यात असायचा. असं पुष्कळ बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की लादी विकण्यापेक्षा चुकलेली लादी दुरुस्त करण्याला जास्त मागणी आहे. सत्याऐंशी साली नोकरी सोडली आणि बाळारामला हाताशी धरून दुरुस्तीची कामं घ्यायला लागलो.

तो काळच तसा होता. पनवेलच्या आजूबाजूला घरं उभी राहत होती आणि मुंबईच्या एका-दोन खोल्यांतून माणसं तिथं येत होती. पगारदार, सरळ, पैसा जपून वापरणारी. बिल्डर त्यांना सांगायचा, लादी न बसवता ताबा घ्या, तेवढी रक्कम कमी करतो. मग घरमालक हिशेब करायचा. लादीकाम म्हणजे असं काय, सिमेंट पसरायचं आणि वर चौकोन ठेवायचे. रविवारी-रविवारी होऊन जाईल. त्या ‘होऊन जाईल’वर माझं घर बरीच वर्षं चाललं.

ओवे गावाजवळच्या एका गृहस्थांनी दारापासून सुरुवात करून आत आत लाद्या बसवत नेल्या. शेवटची लादी बसली तेव्हा ते समोरच्या कोपऱ्यात उभे होते आणि दार खोलीच्या पलीकडे. ओल्या कामावर पाय द्यायचा जीव होईना. त्यांच्या मंडळींनी त्यांना खिडकीच्या गजांतून जेवण दिलं. दुसऱ्या एकांनी मोरीचा ढाळ उलटा काढला. पहिल्याच आंघोळीचं पाणी थेट देवघरात गेलं आणि ते मला म्हणाले, “पाणी चुकलं हो.” चूक पाण्याची होती, त्यांची नव्हती. अशी माणसं मला आवडायची. त्यांच्याकडे चहा चांगला मिळायचा.

बाहेरच्यांना ठाऊक नसतं, पण लादीची तब्येत डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळते. नीट बसलेल्या लादीवर लाकूड आपटलं तर आवाज आखूड आणि घट्ट येतो. खाली पोकळी असली तर तो मागे रेंगाळतो, रिकाम्या मडक्यावर टिचकी मारावी तसा. त्यासाठी मी छातीइतक्या उंचीचा एक बांबू ठेवला होता, म्हणजे वाकावं लागत नाही. एकेका लादीवर एकेक ठोका देत खोलीभर फिरायचं आणि पोकळ निघेल तिथं खडूनं फुली मारायची. हा बांबू पुढे येणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

सबनीस एका संध्याकाळी माझ्या घरी आले. पन्नाशीचे, विमा कंपनीत नोकरीला, शर्टाच्या खिशाला दोन पेनं.

“जमीन वाजते,” ते म्हणाले.

“लादी हलते का?”

“हलते असं नाही. मागून येते.”

“मागून?” मी विचारलं.

“म्हणजे आपण चाललो की मागून एक पाऊल येतं. आपण थांबलो की ते आणखी एक पाऊल टाकतं आणि मग थांबतं.”

“कोणी बसवली?”

“मीच. एका पुस्तिकेत चित्रं होती, ती बघून. हिवाळाभर रविवारचं तेच केलं.”

मग खाली बघत त्यांनी उरलेलं सांगितलं. वहिनी दिवसभर घरात एकट्या असतात. त्यांनी निक्षून सांगितलंय की मेअखेरपर्यंत जमीन गप्प झाली नाही तर त्या सांगलीला भावाकडे जातील आणि परत येणार नाहीत. बॅग भरलेली आहे. मुंबईची खोली तर देऊन टाकलेली. त्या गेल्या तर हे घर विकायचं आणि पुढे काय ते त्यांना माहीत नाही.

इतकं सांगून ते उठले. मला एक गोष्ट खटकली. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस जाताना विचारतो, “होईल ना हो दुरुस्त?” सबनीसांनी ते विचारलं नाही.

पाहणीला मी एकटा गेलो, भर दुपारी. वसाहत विचुंबे गावाच्या अंगाला, नवीकोरी आणि निम्म्याहून जास्त रिकामी. एका ओळीत सारखी घरं, खिडक्यांना तावदानं बसायची होती, त्यामुळे वारा एका घरात शिरून तिसऱ्यातून बाहेर पडायचा. तळोजाकडून येणारा कारखान्यांचा आंबूस वास. माणूस नाही, पोर नाही. सबनीसांचं दार वाजवलं तेव्हा तो आवाज ओळीतल्या शेवटच्या घरापर्यंत जाऊन आल्यासारखा वाटला.

वहिनींनी दार उघडलं. दाराशी तपकिरी बॅग, कुलूप लावलेली. “या,” म्हणाल्या आणि पाठ फिरवून स्वयंपाकघराकडे चालायला लागल्या.

तेव्हा मी ते ऐकलं. त्यांच्या अनवाणी पावलांचा आवाज जवळजवळ नव्हताच. पण त्या पुढे जात होत्या आणि त्यांच्या मागे, एका पावलाच्या अंतरावर, कोणीतरी ठक्, ठक्, ठक् करत येत होतं. त्या दारात पोचल्या, थांबल्या. ठक्. मग तेही थांबलं.

वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही. मलाच विचारलं, “ऐकलंत?”

“ऐकलं. त्याला कारण आहे, वहिनी.”

“असेल.”

कारण होतंच. लादीखाली सिमेंटची भरीव गादी नसून मधेमधे टेकू असले आणि त्याखालची माती बसली, की पाऊल पडल्यावर लादी एका कडेनं खाली जाते. तेव्हा आवाज होत नाही, कारण वर माणसाचं वजन असतं. माणूस पुढे गेला की ती परत जागेवर येते आणि तेव्हा वाजते. म्हणून प्रत्येक पावलाचा आवाज एक पाऊल उशिरा येतो आणि शेवटचा आपण थांबल्यावर. मी हे वहिनींना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शाळेतल्या मुलीसारखं, आणि आत निघून गेल्या. ठक्, ठक्, ठक्.

मी बांबू घेतला. स्वयंपाकघराच्या दाराला लागून असलेल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पहिल्या लादीवर एक ठोका दिला. आवाज इतका पोकळ आला की मी पुन्हा न ठोकता वाकून खडू काढला.

आतून वहिनी आल्या. हातात पाण्याचं भांडं. त्यांनी ते माझ्या पायाशी, त्या कोपऱ्यात, जमिनीवर ठेवलं आणि आत गेल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उन्हातून आलेला माणूस म्हणून दिलं असेल असं समजून मी ते उचलायला वाकलो.

“ते नको,” त्या दारातून घाईनं म्हणाल्या. “तुम्हाला दुसरं आणते.”

दुसरं आणलं. पहिलं तिथंच राहिलं. ते ओलांडून मी पुढे ठोकत गेलो. एकूण एक लादी पोकळ होती. खडू संपला तेव्हा फुल्या मारणं सोडून दिलं.

रविवारी आगाऊ रक्कम घेतली आणि सोमवारी उखडायला सुरुवात केली. सबनीसांनी रजा काढली होती. पहिली लादी निघाली आणि बाळाराम ती हातात उलटी धरून हसायलाच लागला. लादीच्या पाठीला चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे सिमेंटचे पाच गोळे चिकटलेले. अख्खी गादी न पसरता फक्त गोळे ठेवून वर लादी दाबलेली.

“सायेब, तुमी लाद्या बसवल्या का वडे टाकले?”

“चित्रात तसंच होतं,” सबनीस ताठपणे म्हणाले.

“चित्र काढनाऱ्याला बोलवा मग. त्याच्या घरान चालून बघू.”

“आणि लाद्या बसवण्याआधी पाण्यात भिजवल्या होत्या का?” मी विचारलं.

“भिजवायच्या असतात?”

बाळारामनं माझ्याकडे पाहिलं. कोरडी लादी सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते आणि सिमेंट भुगा होतं. गोळे हाताला लागताच निखळत होते. त्याखालच्या भरावाला कोणी धुम्मसानं ठोकून दाबलं नव्हतं की पाणी मारलं नव्हतं. काळी माती, उन्हानं आखडून बोटभर खाली गेलेली.

“ही माती आमाला ठाव हाय,” बाळाराम म्हणाला. तो विचुंब्याचाच. “आमच्या आजाचा खाचर होता इथं. हिला पानी नाय भेटला का ती आंग चोरते. भात लावा तवा खूश. तुमी घर लावला.”

तो दिवस असा चेष्टेत गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या लाद्या निघाल्या, गोळे तासून साफ झाल्या आणि मागच्या अंगणात पिंपात भिजत पडल्या. हॉलमध्ये उरली ती नुसती काळी माती. स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या त्या कोपऱ्यातली माती तेवढी सबनीसांनी आम्हाला उकरू दिली नाही.

“तिथं वास्तू आहे,” ते म्हणाले.

हे बरोबर होतं. वास्तुशांतीला गुरुजी आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून त्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पालथी ठेवतात आणि वरून लादी बसवून घेतात. ती जागा कोणी हलवत नाही. आम्हीही तिला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ. माती दाबून झाली होती, बाळाराम कडेला बसून थापी पुसत होता, सबनीस खिडकीत. वारा पडला होता. वहिनी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या आणि मातीवरून अनवाणी आमच्याकडे आल्या. दाबलेल्या ओलसर मातीवर पाऊल पडलं तर काय आवाज होणार? काहीच नाही. त्या खोलीच्या मध्यावर येऊन थांबल्या.

ठक्.

एकच. त्यांच्या मागून, कोपऱ्यातून. सुकं, नेमकं, लादीवर पडल्यासारखं.

बाळाराम थापी घेऊन अर्धवट उठलेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “शेट, लाद्या तं बाहेर हायत.”

“पिंपात एखादी घसरली असेल.”

“पिंप मागं हाय. आवाज इथून आला.” तो उठला, वहिनींच्या हातातला कप घेतला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला. तिथून ओरडला, “मी भिलो नाय. चा इथं गार लागतो.”

वहिनींनी उरलेले कप खाली मातीवर ठेवले. आत गेल्या. पाण्याचं भांडं घेऊन आल्या आणि कोपऱ्यात, उघड्या मातीवर ठेवलं. पाणी सांडलं नाही. सवयीचा हात होता.

“सुनीता,” सबनीस म्हणाले, “ते पाणी कशाला?”

“एक ठोका म्हणजे पाणी.” त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. मग त्या माझ्याकडे वळल्या, कारण नवऱ्याकडे बघून त्यांना बोलायचं नव्हतं. “माझ्या सासूबाईंचे गुडघे गेले होते. खाटेवर बसून असायच्या, काठी जवळ. हाक मारणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. काठी आपटायच्या. एक म्हणजे पाणी. दोन म्हणजे मला उठवा. तीन म्हणजे कोण आलंय बघ. मी पोळी तव्यावर टाकून धावायची. माझं लग्न झाल्यापासून त्या जाईपर्यंत. त्या गेल्या, वर्षश्राद्ध झालं, या घरात आलो. मला वाटलं आता मी माझ्या घरात माझ्या पायांनी चालेन. पहिल्याच दिवशी मागून काठी आली.”

“अगं, लादी होती ती,” सबनीस म्हणाले. “यांनी सांगितलं ना कारण?”

“आत्ता कुठे आहे लादी?”

मी माझ्या बांबूकडे पाहिलं आणि पाहणीच्या दिवशीचं ते भांडं कोणासाठी होतं हे मला तेव्हा कळलं.

सबनीस खिडकीतून उतरले. कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसले आणि हातांनी माती उकरू लागले. मी म्हणालो, वास्तू आहे ना? त्यांनी मान हलवली. “वास्तू आणखी खोल आहे. हे वरच्या अंगाला.” चार बोटं खाली एक पुरचुंडी निघाली, विटक्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्याची. त्यांनी ती उलगडली. आत पितळेची शेंबी होती. काठीचं टोक झिजू नये म्हणून बसवतात ती टोपी. एका बाजूनं झिजून तिरपी झालेली.

वहिनी ती बघत राहिल्या.

“काठी तिच्याबरोबर दिली,” सबनीस म्हणाले. “शेंबी मी काढून घेतली होती. तिला तळमजल्याचं घर हवं होतं, सुनीता. तिच्या पाटल्या या घरात गेल्या. मुंबईच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायला मिळेल एवढीच तिची इच्छा. उतरली ती एकदाच, तीही चौघांच्या खांद्यावरून.”

“म्हणून स्वतः लादी बसवलीत?”

“गवंडी असता तर त्याच्यासमोर हे ठेवता आलं नसतं. आणि तू…”

“मी काय?”

“तू ठेवू दिलं नसतंस.”

मी सबनीसांना चिक्कू समजत होतो. लादीचे पैसे वाचवायला हिवाळ्यातले रविवार घालवणारा माणूस. ते मनातल्या मनात खोडलं. आणि ते ‘होईल ना दुरुस्त’ का म्हणाले नव्हते, तेही उमगलं. एकच आवाज होता. त्यांना तो आई होता आणि वहिनींना सासू. संध्याकाळी घरी आल्यावर मागून ठक् वाजलं की त्यांना वाटायचं, चालतेय बिचारी. शेवटी चालतेय.

“मला विचारलं असतंत,” वहिनी म्हणाल्या, “तर मी नाही म्हटलं असतं हे खरं. भांडले असते. दोन दिवस बोलले नसते. पण मग मला माहीत असतं ना, खाली काय आहे ते. तुम्ही मला नुसतं तिच्या अंगावरून चालायला लावलंत.”

सबनीस मातीनं भरलेले हात मांडीवर ठेवून बसले. बाहेरून बाळारामनं विचारलं, “झाला का? का मी घरी जाऊ?”

बॅग दाराशी होती. मी तिच्याकडे पाहिलं, वहिनींनीही पाहिलं. त्या क्षणी घर राहणार की जाणार हे त्या पुढे काय म्हणतात यावर होतं. मग त्यांनी मला विचारलं, “लादी पक्की बसली की मागून वाजणार नाही?”

“नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही. पोकळ निघाली तर तिचे पैसे मी घेत नाही.”

“आणि एखादी मुद्दाम पोकळ ठेवायची म्हटली तर?”

मी म्हणालो, असं काम मी करत नाही. पोकळ लादी आज ना उद्या फुटते, आणि लोक नाव मला ठेवतात.

“तुमचं नाव कोणी घेणार नाही.” त्या खिडकीपाशी गेल्या. “आईंची खाट इथं आली असती. उजेडाला. हे संध्याकाळी इथंच पेपर घेऊन बसतात. माझं इथं काही काम नसतं.” मग त्यांनी नवऱ्यापुढे हात केला. सबनीसांनी शेंबी त्यांच्या तळव्यावर ठेवली. “माझ्या वाटेतून काढा आणि इथं ठेवा. ठेवायची ती मी ठेवते. तुमच्या हातून परत चुकेल.”

बाळारामला आत आणायला मला अर्धा तास लागला. त्यानं आधी उंबऱ्यावर नारळ फोडायला लावला, मग म्हणाला, “मी नारळासाठी नाय थांबलो, चा संपायचा होता.” पुढचे दोन दिवस आम्ही गादी पसरून, भिजवलेल्या लाद्या एकेक ठोकून बसवल्या. खिडकीजवळच्या एका चौकोनाला बाळारामनं हात लावला नाही. तिथं वहिनींनी पुरचुंडी ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि बाजूला झाल्या. वर मी स्वतः लादी बसवली, सिमेंट न घालता, चाळलेल्या वाळूवर, एका कडेला कागदाच्या जाडीइतकी मोकळीक ठेवून. हिशेब असा की नेमक्या त्या कडेवर पाय पडला तरच ती वाजेल. एरवी वाजायचं कारण नाही.

सिमेंट मुरायला पंधरवडा दिला आणि उरलेली रक्कम घ्यायला गेलो. पुन्हा दुपार, पुन्हा तीच रिकामी ओळ. दाराशी बॅग नव्हती. वहिनी पुढे चालल्या आणि मागून काहीही आलं नाही. मी बांबू फिरवला. एकशे एकोणऐंशी लाद्या घट्ट बोलल्या. खिडकीजवळच्या लादीला मी ठोका दिला नाही.

सबनीस कामावर होते. त्यांनी पाकीट तयार ठेवलं होतं. एकशे एकोणऐंशी लाद्यांचे अकराशे साडेत्रेसष्ट, वजा आगाऊ पाचशे, बाकी सहाशे साडेत्रेसष्ट. मी मोजून घेतले आणि पावती फाडली.

“आणि त्या एका लादीचे?” वहिनींनी विचारलं.

“पोकळ लादीचे पैसे मी घेत नाही. बोललो होतो.”

“ती तुमच्या चुकीनं पोकळ नाही. सांगून करवून घेतली.” त्या आत गेल्या आणि एक जुना कापडी बटवा घेऊन आल्या. तोंडाशी कळकट झालेला, आतून तपकिरीचा वास. “हा सासूबाईंचा. यात थोडे राहिले होते. हे काम त्यांचं आहे, तेव्हा याच्यातून.”

आता नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी म्हणालो, “मग सहा द्या. पुरे.”

त्यांनी सहा रुपयांची नाणी माझ्या हातावर ठेवली आणि बटव्याची नाडी ओढली.

खिडकीजवळ ठक् झालं.

आम्ही दोघंही स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो. घरात तिसरं कोणी नव्हतं. भर दुपारी लादी तापते, खालची वाळू सरकते, एखादा ठोका पडू शकतो. मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

वहिनी दचकल्या नाहीत. “हो, हो, देतेय,” त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. नाडी पुन्हा सैल केली, बोटं आत घालून चाचपलं आणि आठ आण्याचं नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. “त्यांना सूट चालायची नाही. घेतलेली नाही आणि दिलेलीही नाही.” मग भांडं घेऊन त्या पाणी भरायला आत गेल्या.

मी दुसरी पावती फाडली. एका लादीचे रुपये साडेसहा, रोख, माझ्याकडे पोचले. देणाऱ्याचं नाव काय लिहू, असं मी विचारलं तेव्हा आतून नळाच्या आवाजात उत्तर आलं, आणि ते मी तसंच लिहिलं: श्रीमती अन्नपूर्णा सबनीस.